घोरणाऱ्यांची खोली

ताई गेल्याची बातमी मला कुणी कळवली नाही. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीतच होते, आणि मला झोप लागली होती. नॉटिंगहॅमच्या त्या हॉस्पिसमध्ये, शेवटचे दिवस मोजणाऱ्यांच्या त्या घरात, दुपारचं ऊन खिडकीतून माझ्या पायांवर आलं होतं, बाहेर कुणीतरी गवत कापत होतं आणि ताई घोरत होत्या. शेवटी शेवटी श्वासाचा असा आवाज होतो, घाबरू नका, असं नर्सने मला समजावलं होतं. मी कशाला घाबरते? त्या आवाजाच्या शेजारी मी वर्षानुवर्षं निर्धास्त झोपत आले होते. त्या दुपारीही तेच झालं, माझा डोळा लागला. आणि मग एकदम जाग आली. काही पडलं नव्हतं, कुणी हाक मारली नव्हती. आवाज थांबला, म्हणून मला जाग आली.

भेटायला येणारे म्हणतात, "बरं झालं, झोपेत गेल्या." हो, त्या झोपेत गेल्या. पण मीही झोपेत होते असं मी सांगितलं, की समोरचा माणूस चहाच्या कपात बघायला लागतो. त्याला वाटतं, मी मनाला लावून घेतलं असेल. तसं काही नाही. मी तिथे होते, आणि ताईंना ते माहीत होतं. माझी अडचण वेगळीच आहे. त्या दिवसापासून मला पुन्हा झोप येत नाही.

कुमुदताई माझ्या नणंद. माझा नवरा शिरीष, त्याची मोठी बहीण. नाशिकहून तरुणपणीच त्या एकट्या इथे इंग्लंडात आल्या आणि नॉटिंगहॅमच्या एका हॉस्पिटलात एक्स-रे आणि स्कॅन काढण्याच्या कामाला लागल्या त्या थेट निवृत्त होईपर्यंत. लग्न केलं नाही. आम्ही नंतर आलो आणि लंडनमध्ये हॅरोला राहिलो. सुरुवातीची कितीतरी वर्षं आमचं नातं रविवारच्या फोनपुरतं आणि दिवाळीपुरतं होतं. त्या यायच्या, माझ्या स्वयंपाकघरातले डबे आपल्या मनाप्रमाणे लावायच्या, मी त्या गेल्यावर ते पुन्हा माझ्या मनाप्रमाणे लावायचे. बोलणं फटकळ. "अनु, भाजीत गूळ घातलायस की गुळात भाजी?" असं पाहुण्यांसमोर विचारणार. मी शिरीषजवळ धुसफुस करायचे. उन्हाळ्यात मात्र त्या पाठीवर सॅक टाकून आल्प्सच्या डोंगरात निघून जायच्या, एकट्याच, आणि तिथून एका ओळीचं पोस्टकार्ड यायचं. "आमची ताई उन्हाळ्यात गाईंबरोबर वर चरायला जाते," असं शिरीष म्हणायचा.

आता त्या घराण्याच्या घोरण्याबद्दल सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. माझे सासरे, शिरीष आणि ताई, तिघांचं घोरणं एकाच साच्यातलं. खालून हळूच सुरू व्हायचं, चढत चढत वर जायचं, वर पोचल्यावर काही विसरल्यासारखं क्षणभर थांबायचं... आणि मग कुकरची शिट्टी होता होता राहावी तसा सुस्कारा टाकून खाली उतरायचं. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी उशा फेकल्या, कापूस घातला, भांडून दुसऱ्या खोलीत गेले. मग कधीतरी सवय झाली. सवय झाली हे मात्र मला कळलं नव्हतं. एका सकाळी शिरीष नेहमीसारखा कामावर गेला आणि तिथेच कोसळला. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पाहुणे आले, दिवस झाले, पाहुणे परतले. घरात मी, आणि ती शांतता. रात्र रात्र मी छताकडे बघत पडायचे. डॉक्टरांच्या गोळ्या झाल्या, गरम दूध झालं. माझी मुलगी रेणुका, हॅरोतच जन्मलेली, ब्रिस्टलहून फोन करायची. "आई, तू व्हाइट नॉइज ट्राय कर ना. ॲपवर पावसाचा आवाज पण आहे." मी तिच्यावर ओरडले, "पाऊस म्हणजे काय तुझे बाबा आहेत का?"

त्या उन्हाळ्यात ताईंचा फोन आला. नमस्कार-चमत्कार काही नाही. "अनु, जुलैत माझ्याबरोबर चल."

"ताई, मला स्टेशनचा जिना चढताना धाप लागते. मी कुठे डोंगर चढणार?"

"मग हळू चढ. डोंगर काय पळून जातोय?"

ताई ज्या ठिकाणी जायच्या त्याला सगळे 'हट' म्हणतात, पण झोपडी डोळ्यांपुढे आणू नका. दगडी, दुमजली घर, धर्मशाळा आणि वसतिगृह यांच्या मधलं काहीतरी. गाडीरस्ता नाही, पायीच जायचं. झोपायला गादी आणि लोकरी ब्लँकेट तिथे मिळतं, पण ब्लँकेट रोज कोण धुणार? म्हणून प्रत्येकाने आपली पातळ सुती किंवा रेशमी खोळ घेऊन यायचं, तिच्यात शिरायचं आणि वर ब्लँकेट ओढायचं, असा नियम. दुकानात अशा खोळी मिळतात. पण दुकानातली वस्तू ताईंना पसंत पडेल तर शपथ. निघायच्या आदल्या आठवड्यात त्या हॅरोला आल्या आणि त्यांनी माझ्यापुढे दोन घड्या टाकल्या. जांभळट सुती कापड, बारीक काठ. मी ओळखलं. माझ्या सासूबाईंचं नऊवारी.

"आईंचं लुगडं कापलंत?" माझा आवाजच चढला.

"कपाटात ठेवून त्याची काय पूजा करू? नऊवारी मधोमध कापलं की बरोबर दोन खोळी होतात. आईला उंचीचा अंदाज होता म्हणायचा," असं म्हणून त्यांनी एक घडी माझ्याकडे सरकवली. "पदराची बाजू तुला. सुनेचा मान."

त्या चढणीबद्दल मी फार लिहीत नाही, कारण मी वाटभर फक्त माझे बूट बघितले. ताई पुढे चालायच्या, वळणावर थांबायच्या, मी पोचले की मला न टेकू देता पुन्हा चालू लागायच्या. मी मनातल्या मनात त्यांना जे बोलले ते इथे छापता येणार नाही. संध्याकाळी हट आली. खाली बूट काढून मांडणीवर ठेवायचे, टोपलीतल्या लोकरी सपाता घालायच्या आणि सगळ्यांनी एकाच वेळी लांब टेबलांवर जेवायला बसायचं. हट सांभाळणारी मार्था, गोरीपान, दणकट बाई, हातात सुपाचं भलंमोठं पातेलं घेऊन आली. ताईंनी सॅकमधून छोटी बाटली काढून सुपावर मेतकूट भुरभुरलं. समोरच्या जर्मन जोडप्याने कुतूहलाने विचारलं, तर त्यांच्याही सुपावर भुरभुरलं. नवऱ्याला जी शिंक आली तिने टेबल हललं. शिरीष गेल्यानंतर मी त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

झोपायची जागा बघून मात्र मी दारातच थांबले. लग्नघरी पाहुण्यांना झोपवतात तशी एका लांब फळीवर गाद्यांची रांग. एका बाजूला ताई, दुसऱ्या बाजूला कुणी अनोळखी डच माणूस. "ताई, अहो, परका पुरुष!" मी कुजबुजले. "तो पहाटे उठून निघून जाणार. तुझं तोंडही त्याच्या लक्षात राहायचं नाही," ताई म्हणाल्या आणि खोळीत शिरल्या. दिवे गेले. थोड्या वेळाने माझ्या शेजारी ते सुरू झालं. खालून हळूच... चढत चढत... वर जाऊन थांबलं... आणि सुस्कारा टाकून उतरलं. मी सासूबाईंचा पदर तोंडात कोंबला, कारण एवढ्या लोकांत रडण्याचा आवाज कसा काढणार? किती वेळ रडले ते माहीत नाही. कारण डोळे उघडले तेव्हा खिडकीतून लख्ख ऊन आलं होतं, डच माणूस निघून गेला होता आणि सगळी रांग रिकामी होती. बाहेर बाकावर ताई चहाचा मग घेऊन बसल्या होत्या. "झोपलीस वाटतं," एवढंच म्हणाल्या. मी का झोपले, ते मी त्यांना सांगितलं नाही.

ते पुढच्या वर्षी सांगावं लागलं. आम्ही पोचलो तेव्हा मार्थाने ताईंना हळूच बाजूला घेतलं. गेल्या वेळी काही पाहुण्यांनी तक्रार केली होती. ओले कपडे वाळवायच्या खोलीच्या वर एक लहान खोली आहे, ती खास घोरणाऱ्यांसाठी ठेवलेली, बाईंची हरकत नसेल तर... ताईंचा चेहरा कधी नव्हे तो लाल झाला. कुणाच्या बापाला न भिणारी ही बाई, तिला आपल्या घोरण्याची इतकी लाज असेल हे मला माहीतच नव्हतं. म्हणून त्या ओळखीच्या कुणाबरोबर कधी खोली घ्यायच्या नाहीत, म्हणून आमच्याकडे आल्या की दार घट्ट लावून घ्यायच्या. "तू मोठ्या खोलीत झोप," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी म्हणाले, मी तुमच्याबरोबर येतेय.

"वेडी की काय? तिथे सगळेच घोरतात!"

"ताई, शिरीष अगदी तुमच्यासारखाच घोरायचा. मला त्याशिवाय झोप येत नाही."

 ताईंनी माझ्या हातातून माझी खोळ घेतली, जिन्यात ती एकदा जोरात झटकली, वर त्या लहानशा खोलीत गेल्या आणि खिडकीशेजारी आपली अंथरून तिला लागून माझी अंथरली.

त्यानंतर दर जुलैला आम्ही त्याच खोलीत. मार्था न विचारताच तिथे आमची नावं लावायची. देशोदेशीचे घोरणारे तिथे यायचे. कुणी करवत चालवायचा, कुणी दार वाजवल्यासारखा, इटलीची एक नाजूक बाई तर अशी, की ताईसुद्धा सकाळी म्हणाल्या, "हिने आपल्याला मागे टाकलं!" सकाळी ब्लँकेटची घडी घालून पायथ्याशी ठेवायची, तिच्यावरचा रंगीत पट्टा वरच्या बाजूला, असा तिथला रिवाज. मी घातलेली घडी ताई उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या. हॅरोला मला झोप तशी बेताचीच यायची, पण जुलैची झोप मी वर्षभर पुरवून पुरवून वापरायचे. आणि हिवाळ्यात ताई मुक्कामाला येऊ लागल्या. रेणुकाच्या जुन्या खोलीत झोपायच्या. झोपायला जाताना मला ऐकू येईल असं म्हणायच्या, "दार उघडं ठेवतेय गं." बस, एवढंच. डबे मात्र त्या अजूनही आपल्या मनाप्रमाणे लावायच्या, आणि मी ते तसेच राहू द्यायला लागले होते.

गेल्या जुलैत पहिल्यांदाच वळणावर मी त्यांच्यासाठी थांबले. प्रत्येक बाकावर त्या बसत होत्या. "गुडघा," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला. पण खोलीत दिवे गेल्यावर, त्या झोपल्यावर, मी उठून बसले. आवाज वर जातच नव्हता. अर्ध्यावर येऊन अडकत होता, आणि उतरताना त्यात काहीतरी बारीक, फाटल्यासारखं ऐकू येत होतं. त्या खोलीत मी पहिल्यांदाच जागी राहिले. सकाळी बाकावर मी त्यांना म्हणाले, "ताई, तुमचं घोरणं बदललंय."

"कमी झालं? बरं आहे की. मार्थाला सांग, मोठ्या खोलीत बढती दे म्हणावं."

"कमी नाही झालं. अर्ध्यावर अडकतंय. तुम्ही छाती दाखवून घ्या."

 ताई हसल्या. "जन्मभर मी लोकांच्या छातीत डोकावले, आणि तू मशीन न लावता रिपोर्ट देतेस!" हसता हसता खोकला आला आणि तो लवकर थांबेना. त्या दिवशी त्यांच्या ब्लँकेटची घडी मी घातली. त्यांनी ती उलगडली नाही.

परत आल्यावर त्यांनी स्कॅन करून घेतला. त्यांच्याच जुन्या डिपार्टमेंटमध्ये, त्यांनी शिकवलेल्या मुलीने तो काढला. डॉक्टर काही सांगायच्या आधीच ताईंनी पडद्यावर बघून घेतलं होतं. मला फोन केला, "अनु, तुझा रिपोर्ट बरोबर निघाला." मी भाजी चिरत होते. सुरी ठेवून तिथेच फरशीवर बसले. सिगरेटला कधी शिवल्या नाहीत, जन्मभर डोंगर चढल्या, आणि फुप्फुसातच तो रोग! मला इतका राग आला होता, की कुणावर काढावा ते कळत नव्हतं. ताई मात्र शांत होत्या. पुढचं सगळं त्यांना डॉक्टरांइतकंच ठाऊक होतं.

उपचार झाले, थोडे दिवस बरं वाटलं, मग वाटेनासं झालं. हटच्या जागांचं बुकिंग हिवाळ्यातच करावं लागतं. ताईंनी ते वॉर्डातल्या खाटेवरून फोनवर केलं. दोन जागा, नेहमीच्या.

"ताई, अहो कशाला..."

"एक तुझी, एक माझी. मी नसेन तर माझी रेणूला दे. पण तू जा. शिरीष गेला तेव्हा मी होते. आता मी चाललेय, आणि तुझ्या झोपेचं काय करायचं, ही एकच काळजी आहे बघ मला. बाकी घराचं, सामानाचं सगळं मार्गी लावलंय." मग जरा दम खाऊन म्हणाल्या, "आणि माझी खोळ भावनेच्या भरात माझ्याबरोबर जाळू नका. चांगली टिकेल अजून."

शेवटच्या आठवड्यात रेणुका हॉस्पिसमध्ये आली होती. ताई डोळे मिटून पडल्या होत्या, तो आवाज चालू होता. रेणुका माझ्या कानाशी आली, "आई, मी आत्याचा आवाज फोनवर रेकॉर्ड करू? तुझ्यासाठी?" ताईंनी डोळे न उघडताच म्हटलं, "खबरदार! रेकॉर्ड करायचं तर गाणं म्हणते, ते कर." आम्ही तिघी हसलो. गाणं काही त्या म्हणाल्या नाहीत, तेवढा श्वासच उरला नव्हता. दोन दिवसांनी ती दुपार आली, जिच्याबद्दल मी सुरुवातीला लिहिलं.

आता इथे हॅरोत पुन्हा तीच शांतता आहे. रेणुकाच्या खोलीचं दार मी उघडं ठेवते. कशासाठी, ते विचारू नका.

मागच्या रविवारी रेणुका आली. जुलैत ती माझ्याबरोबर येणार आहे. सामान काढता काढता तिने ताईंची खोळ उलगडली, हॉलमधल्या कार्पेटवर पसरली आणि गळ्यापर्यंत आत शिरली. "हा खोळ माझा ना आता?" म्हणाली. आठवडाभराच्या कामाने दमलेली पोर, बोलता बोलता झोपली. दुपारची वेळ होती. मी टीव्ही बंद केला आणि तिच्याजवळ खाली बसले. ऐकत राहिले. तिचा श्वास येत होता, जात होता, पिसासारखा हलका. कुठे चढ नाही, थांबणं नाही, उतार नाही. नाक तिच्या बाबांचं, कपाळ आत्याचं, आणि झोप मात्र माझी.

तिला जाग आली तेव्हा मी तशीच बसले होते. तिने विचारलं, "आई, मी घोरले?"

"नाही गं."

"थोडंपण नाही?"

"थोडंपण नाही."

"सॉरी, आई," ती म्हणाली, आणि तिचा चेहरा लहानपणी व्हायचा तसा वेडावाकडा झाला. मी तिला खोळीसकट जवळ घेतलं. ताई गेल्यापासून मी कुणासमोर रडले नव्हते. त्या दिवशी त्या जांभळट कापडात तोंड खुपसून दोघी पोटभर रडलो. कापडाला अजून ताईंच्या निलगिरीच्या तेलाचा वास येतो. धुवायचं मी अजून मनावर घेतलेलं नाही.

दोन दिवसांपूर्वी मार्थाची मेल आली. ताई गेल्याचं आणि त्यांच्या जागी रेणुका येणार असल्याचं मी तिला कळवलं होतं. ताईंबद्दल तिने फार आपलेपणाने लिहिलंय. सुपावर भुरभुरायची ती पिवळी पूड तिलाही आठवते. आणि शेवटी जपून विचारलंय, की आता तुम्ही मायलेकी येताय, दोघीही घोरत नसाल, तर तुम्हाला मोठ्या खोलीत जागा देऊ का? तिथे शांत असतं.

मी लगेच उत्तर पाठवलं. शांत नको. आम्हाला घोरणाऱ्यांच्याच खोलीत जागा दे. फक्त खिडकीशेजारची गादी आमच्यासाठी राखून ठेवू नकोस. त्या दिवशी जो सगळ्यात मोठ्याने घोरणारा येईल, त्याला ती दे. मी त्याच्या शेजारी माझी खोळ अंथरेन, पदराची बाजू तोंडाशी घेईन आणि दिवे गेले की अंधारात वाट बघत पडून राहीन. कुणीतरी सुरू करेलच.